दोन राजकन्या आणि माझी धाकटी जाऊ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाच नीट ठाऊक नाही.

सुरुवात एका सिनेमापासून झाली. हलकाफुलका होता अगदी. जुन्या काळातल्या एका संस्थानाच्या दोन राजकन्या दासींच्या साड्या नेसून एका रात्रीपुरत्या राजवाड्याबाहेर पडतात. जत्रेत हिंडतात, पाळण्यात बसतात, भज्यांच्या गाडीवर थेट पुढे घुसतात — रांग नावाची गोष्ट असते हेच त्यांना माहीत नसतं! उजाडायच्या आत परत. कुणाला पत्ता लागत नाही.

आम्हीही तशाच निघालो होतो, मी आणि माझी धाकटी जाऊ, वैशाली. अकरा वर्षं झाली. आमच्या घरात सुनांनी दोघीच सिनेमाला जायची पद्धत नव्हती. म्हणून सासूबाईंना सांगितलं, टावर चौकात ब्लाउज शिवायला टाकायचेत. आणि गेलो फ्रीगंजच्या थिएटरात, दुपारच्या शोला. वैशाली इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून बघितलं. लग्न होऊन आल्यापासून तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

बेत माझा होता. थापही माझी. ती तर आधी नकोच म्हणत होती.

घरी पोचलो तर सासूबाई दारातच उभ्या. शेजारच्या काकूंनी आम्हाला थिएटरातून निघताना पाहिलं होतं, फोनही करून झाला होता.

"खरं सांगा, कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

मी म्हणाले, "वैशालीने खूपच जिद्द केली, आई."

वैशालीने माझ्याकडे बघितलं.

भित्रेपणा — एवढंच असतं तर मी हे केव्हाच कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते. भीती कुणाला वाटत नाही? पण तेवढंच नाही.

त्याच आठवड्यात वैशालीला नानाखेड्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली होती. सोमवारपासून जायचं होतं. सासूबाईंनी मोठ्या मुश्किलीने हो म्हटलं होतं. आता त्या म्हणाल्या, "जी घरात झूठ बोलते, तिला बाहेर कसं पाठवायचं?" दीर मान खाली घालून बसून राहिले.

संध्याकाळी कणीक मळता मळता वैशालीने विचारलं, "ताई, माझं नाव का घेतलं तुम्ही?" मी म्हटलं, तू लहान, तुला लवकर माफ करतील असं वाटलं. आईंशी मी बोलते, तू टेन्शन नको घेऊ.

आणि बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी. खरं तर सासूबाईंनीच विषय काढला — राग उतरला होता त्यांचा. म्हणाल्या, "तू मोठी आहेस. सांग, जाऊ देऊ का तिला?"

एक 'हो' पुरला असता. इतकी वर्षं मी इथेच येऊन अडते.

मी म्हणाले, "तुमची मर्जी, आई. पण तिचं मन घरात लागत नाही. आज सिनेमा... उद्या काय, कोण जाणे."

का बोलले मी असं? सकाळचा सगळा स्वयंपाक माझ्या एकटीवर पडला असता म्हणून? की माझं लग्न झालं तेव्हा मीही नोकरीचं विचारलं होतं, आणि मला नाही म्हटलं होतं, म्हणून? दोन्ही खरं. आदल्या दिवशी मी घाबरले होते. त्या दुपारी नव्हते. मटार सोलत शांत बसले होते, आणि आपण काय करतोय ते मला पक्कं माहीत होतं.

बाहेर येऊन वैशालीला सांगितलं, "खूप समजावलं गं. नाहीच ऐकलं त्यांनी."

शाळेने दुसरी बाई घेतली. वैशाली पुढे कधीच नोकरीला गेली नाही. सासूबाई आता नाहीत, त्यामुळे त्या दुपारचं बोलणं माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. गेल्या महिन्यात तिच्या मुलाची मुंज झाली. सगळे नातलग जमले होते. जेवणं झाल्यावर जुन्या गोष्टी निघाल्या, आणि ती माझा हात धरून सगळ्यांना म्हणाली, "त्या वेळी एक ताईच तर होत्या माझ्या बाजूने."

मी हसले. हात तसाच तिच्या हातात राहू दिला.