तोरणासकट बंगला

कॅलिफोर्नियात सनीव्हेलमधल्या मराठी घरांत शोभना खानझोडे यांना पाठीमागे ‘फोडणी-बंद काकू’ म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. वीस वर्षांहून जास्त काळ त्या लोकांची घरं विकून देत होत्या. कुणाचंही घर विकायला निघालं की त्यांचा पहिला नियम ठरलेला: दोन आठवडे घरात फोडणी नाही. ज्याला वरणाशिवाय राहवत नसेल त्याने गॅरेजमध्ये शेगडी मांडावी. देवघरावर पडदा टाकावा. दाराशी एकही चप्पल दिसता कामा नये. “घर असं दिसलं पाहिजे की इथे कुणी राहतच नाही,” असं त्या बजावत. लोक कुरकुरत, गॅरेजमध्ये खुर्ची टाकून वांगी परतत, आणि घर विकलं गेलं की पेढ्यांचा डबा घेऊन काकूंकडे येत.

पण ही सगळी घरं बेताची. दोन खोल्यांचे कॉन्डो, नाहीतर भिंतीला भिंत लागलेली टाउनहाउस. नागपुरातून बी.कॉम. करून त्या मनोहररावांच्या मागे अमेरिकेत आल्या, तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नसे. आठ वर्षं घरात गेली. ग्रीन कार्ड हाती पडलं त्याच महिन्यात त्यांनी परीक्षा दिली आणि घरं विकायचं लायसन्स मिळवलं. तेव्हापासून एकच इच्छा राहिली होती. एकदा तरी आपल्या नावाची पाटी एखाद्या खऱ्याखुऱ्या मोठ्या बंगल्यापुढे लागावी, आणि त्या पाटीवर ‘विकले’ ही पट्टी आपल्या हाताने चिकटवावी. आता त्या साठीला आल्या होत्या.

पाटी लागली ती हाफ मून बेजवळ, समुद्रापासून चालत चार मिनिटांवर. लाल कौलं, पांढऱ्याशुभ्र भिंती, कमानी, मधल्या चौकात निळ्या फरशांचं कारंजं, कुंड्यांतून ऑलिव्हची झाडं. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘भूमध्यसागरी शैलीचा आलिशान व्हिला, सहा बेडरूम, साडेसात बाथरूम’.

“त्या अर्ध्या बाथरूममध्ये काय करायचं?” मनोहररावांनी विचारलं होतं.

“हात धुवायचे आणि गप्प बसायचं,” शोभनाताई म्हणाल्या होत्या.

बंगल्याचे मालक मिस्टर हॅरिंग्टन. बायको गेल्यावर ते मुलाकडे ॲरिझोनाला राहायला गेले होते. दोन मोठे एजंट वर्षभरात हात टेकून गेले, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने त्यांनी इकडे येऊन शोभनाताईंना बंगल्यावर बोलावलं. त्या ठरल्या वेळेला पोचल्या आणि बोलता बोलता स्वयंपाकघरातला गळका नळ घट्ट बंद केला. म्हाताऱ्याला तेवढं पुरलं. त्याने नव्वद दिवस दिले. आता ते रविवारी संध्याकाळी पाचला संपत होते. पाचपर्यंत ऑफर आली नाही, तर सोमवारी शहरातली एक बडी कंपनी येऊन शोभनाताईंची पाटी उपटणार होती.

एकोणनव्वद दिवसांत घर बघायला माणसं आली, नाही असं नाही. पण ती आत येत, पांढऱ्या सोफ्यांकडे बघत, स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकत आणि कुजबुजत निघून जात. कुणी बसतसुद्धा नसे. शनिवारी सकाळी शोभनाताईंच्या मनात आलं, घर रिकामं आहे म्हणून लोक बिचकतात. आत आधीच चार माणसं हिंडत असली तर पाचव्याला धीर येईल. पण गर्दी दाखवायला माणसं हवीत असं मैत्रिणीला सांगायचं कसं? बाकीच्यांना शिस्त शिकवणाऱ्या काकूंना ते जड गेलं. त्यांनी नीलांबरीला फोन केला. नीलांबरी म्हणजे तिथल्या मराठी मंडळातली सगळ्यात जुनी मैत्रीण.

“उद्या एक वाजता तुम्ही दोघं या. पत्ता पाठवते. जरा बरे कपडे घाला.”

“आहे काय उद्या?”

“आल्यावर कळेल. आणि हे बघ, कुणाला सांगू नकोस.”

झालं. नीलांबरीने पत्ता फोनवर टाकून घराचे फोटो बघितले. समुद्राकाठचा बंगला, बरे कपडे, कुणाला सांगू नकोस. तिने तीन आणि तीन सहा केले. शोभनाने व्हिला घेतला! गुपचूप वास्तू करतेय! आणि तिने खरोखर कुणालाही सांगितलं नाही. फक्त आपल्या माणसांना सांगितलं.

रविवारी पावणेएकला शोभनाताईंनी लिंबाच्या वासाची मेणबत्ती लावली, सोफ्यावरच्या उशांना मधोमध खळ्या पाडल्या आणि त्या दारात उभ्या राहिल्या. मनोहरराव फाटकाशी होते. एक वाजता नीलांबरीची गाडी आली. तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी. एक वाजून दहा मिनिटांनी मनोहरराव रस्त्यात उभे राहून दोन्ही हातांनी गाड्या वळवत होते आणि त्यांचा चेहरा फुलला होता.

“शोभना, अगं, अख्खं मंडळ आलंय!”

पैठण्या उतरल्या, रेशमी कुर्ते उतरले. रंगीत कागदात गुंडाळलेली चौकोनी खोकी उतरली. मंडळाचे अध्यक्ष राजीव प्रधान हातात भलामोठा गुच्छ घेऊन पुढे आले. “काकू, मानलं तुम्हाला! आम्हाला कॉन्डो दाखवत राहिलात आणि स्वतः डायरेक्ट व्हिला? मंडळाला अभिमान आहे, अभिमान!”

“अहो राजीव, ऐका तरी, हे...”

“विनय पुरे! चला रे, काकूंबरोबर एक फोटो!”

शोभनाताईंनी सांगायला तोंड उघडलं. अगदी खरं सांगायचं तर तीनदा उघडलं. पण पहिल्या वेळी कुणीतरी पाया पडलं, दुसऱ्या वेळी कुणीतरी मिठी मारली, आणि तिसऱ्या वेळी नीलांबरी दारावर झेंडूचं तोरण बांधून मागे सरकली आणि म्हणाली, “आता दिसतंय घर.” तेव्हा शोभनाताईंच्या छातीत काहीतरी कारंज्यासारखं उसळलं. त्यांनी वर बघितलं. पांढरी कमान, केशरी फुलं, मागे निळं आकाश. दहा मिनिटं, त्यांनी ठरवलं. फक्त दहा मिनिटं हे घर माझं. मग सांगते.

दहा मिनिटांत घराची रयाच पालटली. दाराशी सत्तर-ऐंशी चपला-बूट जमले. उंबऱ्यावर नारळ फुटला, त्याचं पाणी इटलीहून आणवलेल्या दगडावरून वाहत गेलं. पांढऱ्या सोफ्यावर तीन आजोबा शेजारी शेजारी टेकले आणि खळ्या पाडलेल्या उशा त्यांनी पाठीशी घेतल्या. कुणी चौकात फेर धरला. वरच्या मजल्यावरून हाका येत होत्या, “इथून समुद्र दिसतो, यार! लवकर वर या!” मनोहरराव, ज्यांना सगळं माहीत होतं, तेही जिन्यावर उभे राहून लोकांना म्हणत होते, “उजवीकडे मास्टर बेडरूम. आणि ती डावीकडे अर्धी. तिथे फक्त हात धुवायचे.”

“तू सांगितलंस का त्यांना?” त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

“सांगते. तुम्ही कुठे सांगताय?”

“मला कुणी विचारलं नाही,” मनोहरराव म्हणाले आणि पुढच्या घोळक्याला गॅलरी दाखवायला निघून गेले.

स्वयंपाकघरात नीलांबरीने घरून आणलेलं दूध पातेल्यात ओतलं आणि सहा बर्नरच्या त्या शेगडीवर ठेवलं. विक्रीसाठी नवी बसवल्यापासून त्या शेगडीवर कुणी पाणीही तापवलेलं नव्हतं. नव्या घरात पहिलं दूध उतू जायला हवं, म्हणून सगळ्या बायका भोवती गोळा झाल्या. शोभनाताईंना पुढे उभं केलं. दूध चढायला लागलं. बायकांनी श्वास रोखले. काठापर्यंत आलं, थरथरलं आणि भसकन चहूकडून उतू गेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. करपल्या दुधाचा वास लिंबाच्या मेणबत्तीला गिळून अख्ख्या घरात पसरला.

“कुणी गॅस का बंद करत नाही?” दारातून इंग्रजीत प्रश्न आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. सत्तरीच्या, काळ्या कोटातल्या, ठेंगण्या ठुसक्या बाई उभ्या होत्या. एका हातात जाहिरातीचा कागद होता आणि पायांत फक्त मोजे. बुटांचा ढीग बघून त्यांनीही बूट बाहेर काढले होते.

नीलांबरीने समजावलं, “मुद्दाम जाऊ देतात. या घरात कशाला कमी पडू नये म्हणून.”

बाईंनी पातेल्याकडे बघितलं, टाळ्या वाजवणाऱ्या बायकांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. “मी मिसेस सालेर्नो. घर बघायला आले होते. पण मला उशीर झाला, हो ना? घर गेलं. फार छान लोकांकडे गेलं.” मग शोभनाताईंच्या हातातला गुच्छ बघून त्या म्हणाल्या, “अभिनंदन, डिअर. बाहेरची पाटी तेवढी काढा, लोकांना चुटपूट लागते.” आणि त्या बूट घालायला वळल्या.

घड्याळात दोन वाजायला पाच मिनिटं होती. शोभनाताईंच्या उजव्या हाताला गिऱ्हाईक दाराकडे चाललं होतं आणि डाव्या हाताला अख्खं मंडळ कौतुकाने बघत होतं. एकाला थांबवायचं तर दुसऱ्यासमोर तोंडघशी पडायचं, यातून सुटका नव्हती. एकदा वाटलं, बाईंना बाहेर गाठून हळूच सांगावं. पण बाईंचा एक बूट घालूनही झाला होता.

“थांबा!” शोभनाताई ओरडल्या. “घर गेलेलं नाही. हे घर माझं नाही. मी एजंट आहे. पाटीवरचं नाव माझं आहे!”

मग त्या मंडळाकडे वळल्या आणि हेच मराठीत म्हणाल्या. वर जोडलं, “मला नुसती चार माणसं हवी होती. घर भरलेलं दिसावं म्हणून. आल्या आल्या सांगायला हवं होतं. पण तुम्ही सगळे इतके... मला दहा मिनिटं खरंच वाटलं की माझंच आहे.”

शोभनाताईंनी गुच्छ ओट्यावर ठेवला.

“म्हणजे?” नीलांबरी म्हणाली. “मग मघाशी दूध कुणाचं उतू गेलं?”

आधी सोफ्यावरचे एक आजोबा हसले. मग राजीव प्रधान हसत सुटले, इतके की त्यांना टेकायला खांब लागला. “फोडणी-बंद काकूंनी विकायच्या घरात दूध उतू जाऊ दिलं! मंडळाला खरोखर अभिमान आहे!” मग जिन्यावरून, चौकातून, गॅलरीतून हसण्याची लाट आली. नीलांबरी तेवढी हसली नाही. “कुणाला सांगू नकोस म्हणतात का कधी? स्पष्ट बोलायला काय झालं होतं तुला? मी पहाटे पाचला उठून झेंडू ओवलाय!”

मिसेस सालेर्नोंनी काय चाललंय ते विचारलं, तिघांनी एकदम सांगितलं, आणि त्यांनी घातलेला बूट पुन्हा काढला.

“माझे आजोबा सिसिलीहून माँटेरेला मासेमारीला आले,” त्या म्हणाल्या. “मला पाच मुलं आणि चौदा नातवंडं. आठ महिने मी भूमध्यसागरी घरं बघतेय. सगळी थडग्यासारखी. आमच्या आजीच्या गावात असा सोफा कुणाकडे नव्हता, पण इथे त्यावर बसलीत तशी म्हातारी माणसं मात्र होती.” मग त्यांनी एजंटला एक शब्द विचारला नाही. सरळ लोकांना विचारायला लागल्या. एवढ्या लोकांत बाथरूमसाठी रांग लागली का? वरची पोरं नाचली तर खाली आवाज येतो का? ओट्याशी सहा बायका एकमेकींना कोपर न मारता उभ्या राहतात का? मंडळींनी अगदी खरं सांगितलं. रांग नाही. आवाज येतो, पण चालतं. कोपर लागतं, मात्र ते नीलांबरीचं, ओट्याचा दोष नाही.

बाईंनी पुतण्याला फोन लावला. तो त्यांचा एजंट होता. चार वाजून वीस मिनिटांनी शोभनाताईंच्या फोनवर ऑफर आली, मागितलेल्या किमतीचीच. त्यांनी ती वाचली. शेवटी घरासोबत काय काय द्यायचं त्याची यादी होती. फ्रिज, कपडे धुण्याचं मशीन, पडदे, कारंज्याचा पंप. आणि सगळ्यात खाली, ‘मुख्य दारावरची पानाफुलांची माळ’.

मिस्टर हॅरिंग्टन ॲरिझोनाहून फोनवर म्हणाले, “सगळं मान्य. पण कुठली माळ? माझ्या दारावर माळ कधीच नव्हती. जे माझं नाही ते मी कसं देऊ?”

पाचला अठरा मिनिटं कमी होती. शोभनाताई अनवाणी धावत चौकात गेल्या. नीलांबरी कारंज्याच्या काठावर पाय सोडून बसली होती, अजून थोडी फुगलेली.

“नीलू, तुझं तोरण हवंय. बाईंनी कागदावर मागितलंय.”

“माझं तोरण?” नीलांबरीने सावकाश मान वळवली. “किल्ली कधी मिळणार त्यांना?”

“तीस दिवसांनी.”

“तोवर ते वाळून पापड होईल. असलं देतात का कुणाला?”

“नीलू, पाच वाजतायत!”

“लिही मग. किल्लीच्या दिवशी ताजं तोरण मी आणीन आणि मीच बांधीन. दूध त्यांनी आणायचं.” ती उठली आणि पदर खोचून शोभनाताईंकडे वळली. “आणि तू त्या दिवशी शेगडीला हात लावायचा नाहीस. आजची आधी घासून टाक.”

शोभनाताईंनी तिथेच उभ्या उभ्या शब्दन् शब्द लिहून ॲरिझोनाला पाठवला. पाचला चार मिनिटं असताना मिस्टर हॅरिंग्टनची सही आली. मग मनोहररावांनी गाडीतून ‘विकले’ची पट्टी आणली. अशा बंगल्यासाठी राखलेली ती तीन वर्षं तिथेच पडून होती आणि एका कोपऱ्यावर चहा सांडलेला होता. मंडळ पाटीभोवती जमलं. शोभनाताईंनी पट्टी वाकडी चिकटवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि राजीव प्रधानांनी ओट्यावरचा गुच्छ आणून पुन्हा त्यांच्या हातात दिला.