टिचकी मारून घेतलेला डबा

आमच्या घरात वस्तू टिचकी मारून घेतात. माठ, नारळ, कलिंगड तर सगळेच वाजवून घेतात, त्यात काही विशेष नाही. आमच्याकडे प्रेशर कुकर, प्लास्टिकची खुर्ची आणि पुढे पुढे कीबोर्ड, चार्जर, स्पीकर, पेन ड्राइव्हसुद्धा टिचकीवर पास किंवा नापास झाले. टिचकी बाबांची. ते रेल्वेत होते. वर्धेकडून बदली होऊन रायपूरला आले आणि गुढियारीत घर बांधून इथलेच झाले. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेकडेनं जायचं, प्रत्येक चाकावर ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. धड चाक खणखणीत बोलतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. नोकरी संपली, हातोडी जमा झाली, पण सवय बोटात राहिली. आई म्हणते, "मले पाहाले आले तवा टिचकी नाही मारली, तेवढे उपकार."

मी शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, घरी बसून, कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर म्हणजे एकदम आणलेली वस्तू नव्हे. दर वर्षी एखादा भाग बदलत, जमेल तसा, जमेल तिथून जोडलेला आहे. सगळं स्वस्तातलं, बरंचसं वापरलेलं. आणि मी मुळात घाबरट. स्वस्त वस्तू हातात घेतली की मी ती दहादा उलटीपालटी करून बघते. महागाची वस्तू फसवते तेव्हा निदान भांडायला पावती असते, स्वस्ताची फसवते तेव्हा लोक आपल्यालाच हसतात. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीतला आमचा दुकानदार तर विकता विकताच सुनावतो, "दीदी, सस्ता रोए बार-बार." मग स्वस्तच पुढे सरकवतो.

म्हणून बाबांना बरोबर न्यायचे. मी स्टिकर वाचायची, मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचायची, त्यातले खोटे कोणते याचा अंदाज बांधत बसायची. बाबा वस्तू कानाजवळ धरून नखानं टिचकी मारायचे. एकदा एक जाडजूड पॉवर बँक मला फार आवडली होती. बाबांनी दोन टिचक्या मारल्या आणि खाली ठेवली. म्हणाले, "यात माती हाय." दुकानदार हसला. पुढे आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एकानं तशीच घेतली आणि फुगल्यावर फोडली, तर आत बोटाएवढा सेल आणि बाकी सिमेंटचा गोळा. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ते हेच. तेव्हापासून पाऱ्यातले लोक ॲडाप्टर, टॉर्च, काय काय घेऊन आमच्या ओट्यावर यायला लागले. बाबा चष्मा पुसून बसायचे, टिचकी मारायचे, आणि मला जवळ बसवलेलं असायचं, माझ्याकडे विजयी नजरेनं बघायचे. मला वाटायचं, कौतुक पाहिजे आहे. आवाज चांगला असला की मी हसायची.

यंदा उन्हाळ्यात माझा कॉम्प्युटर शिकवता शिकवता बंद पडायला लागला. समीकरण अर्ध्यावर, समोर मुलं, आणि पडदा काळा. पालक एकदा ऐकून घेतात, दुसऱ्यांदा नाही. पॉवर सप्लायचा डबा गेला होता, भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना वाटून देणारा तो लोखंडी डबा. या एका वस्तूची मला सगळ्यात जास्त धास्ती. कीबोर्ड वाईट निघाला तर अक्षर उमटणार नाही, एवढंच. डबा वाईट निघाला तर बाकीचं सगळं घेऊन जाईल, जवळ हात असेल तर हातालाही झटका देईल.

दुकानदारानं एक वापरलेला डबा काढला. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, वजनदार. त्यानं तारांना वीज देऊन डब्यातला पंखा फिरवून दाखवला. "पंखा घूम रहा है, माने माल चालू है." मला तो पसंत पडला होता, पण मी चेहरा दगडासारखा ठेवला. मागच्या खेपेला मी आनंदून गेले आणि त्यानं भाव एक पैसा उतरवला नव्हता. या वेळी घरून ठरवूनच आले होते की तोंडावरची रेष हलू द्यायची नाही.

बाबांनी डबा हातात घेतला, कानाशी नेला, टिचकी मारली. आणि मला ऐकू आलं. ठोक्याच्या मागोमाग आत कुठेतरी बारीक किणकिण. एखादा स्क्रू, एखादा पत्र्याचा तुकडा, काहीतरी सुटं होतं, तारांना टेकलं की शॉर्ट सर्किटच. बाबांनी दुसरी टिचकी मारली, पुन्हा किणकिण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दुकानदाराकडे पाहून मोठ्यानं म्हणाले, "एकदम ठोस है. दे दो."

मी चेहरा तसाच दगडासारखा ठेवला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यातल्या एकानं लगेच आपला चार्जर बाबांपुढे धरला, "बाबूजी, जरा इसको भी देखना." बाबा खुलले. त्या क्षणी मी कशी म्हणणार होते की बाबा, तुम्हाला ऐकू आलं नाही? दुकानदाराला आवाज ऐकू गेला की नाही, देव जाणे. तो पिशवी शोधत होता. मी डबा घेतला.

घरी येताना मी स्कूटर चालवत होते आणि मागे बाबा मांडीवर डबा घेऊन बसले होते. प्रत्येक खड्ड्याला माझ्या पाठीमागे किणकिण व्हायची. माझं डोकं भलतीकडेच धावायला लागलं. मन चिंती ते वैरी न चिंती. मला टीव्हीचा आवाज आठवला, जो गेल्या वर्षापासून वाढतच चालला होता. कुकर आठवला. शिट्ट्या मोजून गॅस बंद करणं हे बाबांचं काम, आणि हल्ली भात करपायचा. आई म्हणायची, पाणीच कमी पडलं माझ्याकडून. फोन आला की "घे, तुह्याशी बोलाचं हाय त्याहिले" म्हणून बाबांचं तो मला देणं आठवलं. गुढियारीच्या वळणावर मालाचे ट्रक अंगावर आल्यासारखे हॉर्न देत जातात, आणि बाबा रोज संध्याकाळी तो रस्ता पायी ओलांडतात. हे आठवल्यावर मला पुढे चालवेना. मी स्कूटर कडेला घेतली. बाबा म्हणाले, "काय झालं? पेट्रोल संपलं काय?" मी मानेनंच नाही म्हटलं.

घरी पोचल्याबरोबर बाबांनी दिवाणावर वर्तमानपत्र पसरलं, कॉम्प्युटरचं झाकण काढलं, स्क्रू वाटीत ठेवले. डबा बसवणं ही त्यांची हौस. पाच वाजता माझा वर्ग होता. मी म्हटलं, आधी चहा घेऊ. चहा झाला. मी म्हटलं, वीज जाणार आहे म्हणे. ते म्हणाले, "जाईल तवा जाईल." मी म्हटलं, आज वर्ग मोबाइलवर घेते, उद्या बसवू. त्यांनी ऐकलं नाही, की त्यांना ऐकू आलं नाही, हेसुद्धा मला कळेना. आता प्रत्येक गोष्टीबद्दल हाच प्रश्न पडत होता.

मी स्वयंपाकघरात गेले. आई भाजी निवडत होती. मी हळूच म्हटलं, "आई, बाबांना ऐकू येत नाही."

"तुले आज समजलं काय?" ती म्हणाली. "मी किती दिवसापासून दंडाले हात लावून बोलून राहिली त्याहिच्याशी."

"मग सांगितलं काहून नाही? डॉक्टर आहेत, मशीन आहेत."

"सांगून काय करतं? आयुष्यभर त्याहिनं कानाची भाकर खाल्ली. त्याहिले सांगू, का आता कान नाही?"

मला आईचा राग आला. मग स्वतःचा आला, कारण दुकानात मीही तेच केलं होतं. एकाच घरात तीन माणसं आणि तिघं मिळून एक गोष्ट झाकत होतो. पण झाकायलाही काही हद्द असते. तो डबा भिंतीच्या विजेला लागणार होता, आणि तो लावणारा हात बाबांचा होता.

मी बाहेर आले तोवर बाबांनी तारा जोडून टाकल्या होत्या. ते माझ्याकडे पाठ करून वाकले होते, प्लग भिंतीत गेला होता, बोट बटणाकडे चाललं होतं. मी म्हटलं, "बाबा, थांबा." ते थांबले नाहीत. मी ओरडले. तरी नाही. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. एवढ्या जोरात, की वाटी कलंडली आणि स्क्रू फरशीवर सांडले. बाबा दचकून वळले.

"काय करून राहिली तू?"

मी प्लग काढला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांच्यासमोर येऊन, सावकाश, मोठ्यानं म्हटलं, "बाबा, यात काहीतरी सुटं आहे. वाजतं."

त्यांनी डबा सोडवला, कानाशी धरला आणि हलवला. मला चार हातांवरूनही स्वच्छ ऐकू आलं. ते ऐकत राहिले. आधी एका कानाशी, मग दुसऱ्या. मग डबा वर्तमानपत्रावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसले.

"दुकानात सांगाचं होतं," ते म्हणाले.

"सगळ्यांसमोर कशी सांगू बाबा?"

"तोंडानं नको सांगू. पण तोंडावर तर येऊ द्याचं." मला समजलं नाही. ते फरशीकडे बघत बोलले. "दोन-तीन वर्षं झाले, मले असले बारीक आवाज येत नाही. मी टिचकी मारतो आन् तुह्याकडे पायतो. खराब असला का तुह्या कपाळाले आठी पडते. चांगला असला का तू हासते. माह्यं काम चालून जाते. आज तू काहीच केलं नाही, त मले वाटलं, ठीक असन."

मी खाली बसून स्क्रू वेचायला लागले. दुसरं काय करणार? एवढी वर्षं मी त्यांच्या कानावर विसंबून धीट होत होते आणि ते माझ्या भित्र्या चेहऱ्यावर विसंबून. पाऱ्यातले लोक आमच्या ओट्यावर ज्याच्या भरवशावर यायचे, तो कान माझा होता, आणि मलाच ठाऊक नव्हतं. मला रडू आलं ते यामुळे नाही. ते मला विचारू शकले असते, आणि त्यांनी विचारलं नाही, यामुळे आलं. आत आईनं भाजी तशीच ठेवली होती, सगळं ऐकत असणार. वर्ग मी मोबाइलवर घेतला. काय शिकवलं, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी डबा परत करायला मी एकटीच निघाले होते. बाबा चपला घालून ओट्यावर उभे. म्हणाले, "मी येतो." मला धाकधूक होती. दुकानदार काही बोलला तर? बाबा आपलंच खरं करायला लागले तर? नाहीतर मुकाट कोपऱ्यात जाऊन बसले तर, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

दुकानदारानं डबा हलवला, चेहरा पाडला. "अरे बाबूजी, ये तो बज रहा है. कल तो आपने ही ठोस बोला था."

"हव," बाबा म्हणाले. छत्तीसगढी लोकांत राहून त्यांना तो एक होकार लागलेला आहे. "गलती हो गई. दूसरा दिखाओ."

त्यानं दुसरा डबा काउंटरवर ठेवला. कालच्यासारखीच गिऱ्हाइकं उभी होती. बाबांनी डबा कानाशी नेला नाही. तो माझ्या कानाशी धरला, आणि माझ्या कानाजवळ टिचकी मारली. मग सगळ्यांदेखत, स्वतःला नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस जेवढ्या मोठ्यानं बोलतो तेवढ्या मोठ्यानं त्यांनी मला विचारलं, "कसा बोलते?"