पाइपलाइनची बातमी आधी कुणाला

आमच्या कोकिळाचं कौतुक मी करावं, असं सगळ्या गावाला वाटतं. मी तिची थोरली जाऊ ना! तर ऐका. दिसायला बरी, बोलायला गोड, माहेर धुळ्याचं, कॉलेज झालेलं. भाकरी मात्र अजून जाडच थापते.

चोपड्याजवळच्या आमच्या गावात ती सून म्हणून आली, तेव्हा कोणाचं घर कुठलं हे तिला मीच दाखवलं. आमच्या गल्लीतली बातमी माझ्या दारात थांबल्याशिवाय पुढे जात नसे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, बाया आधी मला विचारायच्या, "लताबाई, खरं शे का?"

मग पाण्याची नवी पाइपलाइन आली. गल्लोगल्ली खोदकाम, आणि आधी कुणाला पत्ताच नाही. पहिल्याच गल्लीत चारी खणली आणि झुलाल आबांचा ट्रॅक्टर गल्लीतच अडकला. आबांनी मजुरांवर काठी उगारली, काम बंद. तेव्हा पाइपलाइनचं काम बघायला धुळ्याहून आलेले भूषण साहेब पंचायतीत म्हणाले, लोकांना वेळेवर सगळं सांगणारं गावातलंच कुणीतरी हवं. लगेच कोकिळाचं नाव निघालं. माझं नाव कुणाच्या तोंडीसुद्धा आलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे मी स्पष्टच सांगते.

तिने बसून ठरवलं, कुणाला कसं कळवायचं. तरण्या पोरांना मोबाइलवर. म्हाताऱ्यांना पारावर, तेही चिंधा नानांच्या तोंडून, कारण पाटीवर लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना कचरागाडीच्या भोंग्यावरून. साहेब तिच्या ओट्यावर चहा प्यायला लागले. मी शेजारी डाळ निवडत बसायचे आणि खड्यांबरोबर चांगली डाळही फेकायचे. मला कुणी काही विचारतच नव्हतं.

एका सोमवारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "अक्का, गुरुवारले आपली गल्ली खोदतस. साहेबनी अजून सांगेल नही. कोनले सांगू नका हं."

ती गेली आणि मी डोक्यावर पदर घेतला. साहेबांच्या आधी बातमी फुटली की हिला चांगली बोलणी बसणार! पहिलं घर भागाबाईचं, मग पुढची ओळ, मग समोरची. प्रत्येकीला वर बजावलं, "कोकिळानीच सांगेल शे." दिवेलागणीपर्यंत गल्लीत न कळलेलं माणूस उरलं नाही. कित्येक दिवसांनी मला शांत झोप लागली.

गुरुवारी साहेब आले आणि बघतच राहिले. ट्रॉल्या गल्लीबाहेर, म्हशी खळ्यात बांधलेल्या, पाण्याचे ड्रम भरलेले. "इथे ना पाटी लावली, ना भोंगा फिरला," ते कोकिळाला म्हणाले. "लोकांना कळवलं कसं?"

मी पुढे सरकले. तिची बोलणी मला जवळून ऐकायची होती.

कोकिळा हसली. "या गल्लीतल्या बाया माझं ऐकत नाहीत, साहेब. मी धाकटी सून. त्या अक्कांचं ऐकतात. म्हणून मी अक्कांना सांगितलं, आणि कोणाला सांगू नका म्हटलं."

सगळी गल्ली हसली. भागाबाई तर पदर तोंडात कोंबून हसत होती. साहेबांनी मला हात जोडले, आभार मानले. ते आभार मला अजून टोचतात. माझा जळफळाटसुद्धा त्या बाईने कामाला लावला होता. मी मनाशी ठरवलं, यापुढे हिची एकही बातमी माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही.

काल ती पुन्हा आली. मी चहा ठेवला होता. "अक्का, बुधवारले नळले पानी येनार शे," ती म्हणाली. "कोनले सांगू नका." एवढं बोलून माझ्याकडे सरळ बघत उभी राहिली.

"मी कशाले सांगू?" मी म्हटलं आणि चहा ढवळत राहिले.

ती गेली. मी खिडकीतून पाहिलं, तर बाई घराकडे न वळता भागाबाईच्या दाराकडे निघालेली. म्हणजे आता गल्लीला भागाबाई सांगणार? आणि मी ओट्यावर बसून तिच्याकडून ऐकायचं?

मी गॅस बंद केला, चपला अडकवल्या आणि मागच्या दाराने गल्लीत उतरले.