डॉ. भुऱ्या उत्तीर्ण झाले

"ते सगळं ठीक आहे. पण यातून बाहेर कसं पडायचं, ते आधी सांगा."

मॅडम हे वाक्य कुणालाही ऐकवायच्या. विमा विकायला आलेल्याला, मोबाइलची नवी योजना समजावणाऱ्या पोरीला, संघटनेच्या स्नेहसंमेलनासाठी हॉल दाखवणाऱ्या मॅनेजरला. समोरचा चाचपडला की मॅडम चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत बसायच्या. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. दुकानातून आणलेलं दूध आधी हुंगणारी, पाहुण्याने आणलेल्या पेढ्याचा खोका उलटा करून तारीख वाचणारी. मॅडम त्यातल्या.

आमच्या जिल्ह्यातल्या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या त्या सचिव होत्या. सरकारी नोकरीत सुरगाणा, पेठ, देवळा असं फिरून निवृत्त झालेल्या, इंदिरानगरला एकट्या राहायच्या. सोबतीला भुऱ्या नावाचा कुत्रा. त्या म्हणायच्या, "डॉक्टर, आपल्या धंद्यात पेशंट बोलत नाही आणि मालक खरं बोलत नाही. संशय घेतला नाही तर निदान होणार कसं?"

नोंदणी टिकवायची तर आम्हाला अधूनमधून ठराविक तासांचं शिक्षण घ्यावं लागतं. त्यासाठी सुरगाण्याकडच्या डॉक्टरांना नाशिकला यावं लागे. व्याख्यान दोन तासांचं आणि प्रवास दिवसभराचा. म्हणून संघटनेने एलएमएस घ्यायचं ठरवलं. एलएमएस म्हणजे एक ऑनलाइन शाळाच. त्यावर व्याख्यानं ठेवायची, सभासदांनी आपापल्या गावी ती बघायची, शेवटी परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र घ्यायचं. ते कुणाचं घ्यावं हे बघायला समिती नेमली. अध्यक्ष, मॅडम आणि मी.

शेवटी दोन कंपन्या उरल्या. एक पुण्याची, मोठी. तिचा माणूस ब्लेझर घालून आला होता. पडद्यावर त्याने सोनेरी पदकं फिरवली, प्रमाणपत्र मिळालं की फुलं उधळली जायची. अध्यक्ष खूश झाले. त्यांची कॉलेज रोडला मोठी प्रॅक्टिस, सगळ्यांशी हसून बोलणारा माणूस.

मॅडमनी विचारलं, "आमच्या सभासदांचे निकाल कोण बघणार?"

"मॅम, ॲडमिन सगळं बघू शकतो. कोण कुठल्या प्रश्नात चुकलं, तेसुद्धा."

"आणि आम्ही तुम्हाला सोडलं, तर ते निकाल कुणाकडे राहणार?"

ब्लेझरवाल्याने पाणी मागितलं.

दुसरी कंपनी नाशिकचीच, लहान. त्यांच्या पडद्यावर राखाडी चौकोन आणि खाली "पुढे" असं एक बटण. फुलंबिलं काही नाही. पण त्यांचं व्याख्यान एकदा मोबाइलवर उतरवून घेतलं की रेंज नसतानाही चालायचं, आणि मधूनच थांबून प्रश्न विचारायचं. उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नसे. अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "हे तर आमच्या हेडमास्तरांसारखं आहे."

दोन्ही कंपन्यांनी आम्हाला वापरून बघायला दिलं. मॅडम म्हणाल्या, "इथे एसीत बसून काय कळणार? पेठला जाऊ."

गेलो. सावळघाट उतरून पुढे एका पाड्यावर आमच्या एका सभासदाचा दवाखाना होता. मोबाइल काढला तर रेंजची एक काडी येई आणि जाई. दवाखान्यातला परिचर म्हणाला, "इथं नाय यायची मॅडम. त्या टेकाडावर जावं लागंल. तिथं बी सकाळचीच येते." टेकाडावर गेलो. पुण्याच्या कंपनीचं व्याख्यान गोल गोल फिरत राहिलं. नाशिकवाल्यांचं आम्ही निघतानाच उतरवून घेतलं होतं, ते मुकाट्याने चालू झालं. मॅडमचा चेहरा मात्र खुलला नाही. उलट मला वाटलं, त्या खट्टू झाल्या.

परतताना करंजाळीला चहाला थांबलो. तिथे त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या पहिल्या पोस्टिंगमध्ये शेजारच्या तालुक्यात एक तरुण डॉक्टर होता. हुशार, गाणारा. एका शेतकऱ्याची कालवड लाळ गाळत होती, खात नव्हती. घशात काही अडकलं असेल म्हणून त्याने उघडा हात तोंडात घातला. अडकलेलं काही नव्हतं. कालवड पिसाळलेली होती.

"त्याला कुणी शिकवलं नव्हतं का?" मी विचारलं.

"शिकवलं होतं की. आमचं सगळ्यांचं प्रशिक्षण झालं होतं. पण रेबीजचा तास जेवणानंतर होता. जेवणानंतर कोण बसतं?"

चहा तसाच ठेवून त्या गाडीत जाऊन बसल्या.

याच सुमारास माझ्या मनात त्यांच्याबद्दल शंका येऊ लागली. बैठक चालू असताना त्यांचा फोन थरथरायचा. त्या नाव बघायच्या, फोन पालथा ठेवायच्या, आणि थोड्या वेळाने उठून व्हरांड्यात जायच्या. एकदा मी पाणी प्यायला बाहेर गेलो तर त्या दबक्या आवाजात बोलत होत्या. "निर्णय व्हायचाय अजून. मला याबद्दल पुन्हा फोन करू नकोस." मला बघताच फोन कट.

मी अध्यक्षांना सांगितलं नाही. पण त्यांच्या कानावर दुसरीकडून आलंच होतं. "मॅडमचा भाचा आहे म्हणे सॉफ्टवेअरमध्ये," ते म्हणाले. "म्हणून तो राखाडी चौकोन आवडतोय बाईंना. आपल्याला बाहेर पडायचा रस्ता विचारतात आणि भाच्याला आत घ्यायला बघतात." मला ते पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. पेठला इतक्या हट्टाने कशाला नेलं? जिथे पुण्याची कंपनी हमखास पडणार, तिथेच नेमकं?

शेवटच्या बैठकीला कार्यकारिणी पूर्ण हजर होती. मॅडमनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. पुण्याच्या कंपनीचं प्रमाणपत्र. सोनेरी किनार, खाली सही. "डॉ. भुऱ्या इंदिरानगरकर यांनी कृत्रिम रेतनावरील अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केला आहे."

"हे कोण डॉक्टर?" देवळ्याचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. "आपल्यात नवीन आलेत का?"

"माझा कुत्रा," मॅडम म्हणाल्या. "व्याख्यान त्याच्यासमोर लावलं आणि मी भाजी आणायला गेले. परत आले तेव्हा तो झोपला होता. परीक्षेत त्याचा पंजा धरून बटणं दाबली. चुकलं की पुन्हा, चुकलं की पुन्हा. शेवटी पास झाला. फुलं पण उधळली त्याच्यावर."

सगळे पोट धरून हसले. अध्यक्ष तर डोळे पुसत होते. हसून झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? सभासदांना हेच हवंय. दिवसभर गोठ्यात राबून आलेल्या माणसाची कसली परीक्षा घेता?"

माना हलल्या. मग अध्यक्षांनी आवाज खाली आणला.

"आता विषय निघालाच आहे तर विचारतो. तुमचा भाचा सॉफ्टवेअर कंपनीत आहे, हे खरं का?"

"खरं आहे."

"मग मॅडम, हे समितीला कळायला नको होतं?"

"त्या कंपनीत नाही तो," मॅडम म्हणाल्या. "पुण्याच्या कंपनीत आहे. हे सगळं त्यानेच बनवलंय. ती फुलंसुद्धा."

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "मग... मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर माझ्याकडे बघून तुम्ही त्यालाच काम दिलं असतं."

हे खोटं आहे असं आमच्यापैकी कुणालाच म्हणता आलं नाही. मॅडम उठल्या. "तरी न सांगणं नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. म्हणून मी मत देत नाही. बाहेर बसते." जाताना त्यांनी प्रमाणपत्र घडी करून पिशवीत घातलं.

त्या बाहेर असताना वाद बराच झाला. देवळ्याचे ज्येष्ठ एकदाच बोलले, "आपल्या पोराच्या कंपनीला जी बाई नापास करते, तिला काहीतरी दिसलं असेल ना?" अध्यक्षांनी मग ताणलं नाही. राखाडी चौकोन मंजूर झाला.

सभासदांनी महिनोन्महिने बोटं मोडली. व्याख्यान लावून झोपता येत नाही, ही मुख्य तक्रार. तक्रारीचे फोन मॅडम स्वतः घ्यायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "हो, प्रश्न विचारतं ते. तुम्ही उत्तर द्या, मग गप्प बसतं." निकाल मात्र ज्याचे त्यालाच दिसतील अशी सोय त्यांनी करून घेतली. अध्यक्षांनी एकदा ते बघायला मागितले तर म्हणाल्या, "तुमचे तुम्ही बघा, पुष्कळ आहेत." पुढे पाड्यावरच्या त्या डॉक्टरने पहिल्यांदाच नाशिकला न येता आपले तास भरले, तेव्हा तो फोन त्यांनी स्पीकरवर टाकून मला ऐकवला.

भाच्याचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बहीण लवकर गेली, तेव्हा मॅडमनीच त्याला वाढवलं. आमचं काम हे त्याने एकट्याने बनवलेल्या एलएमएसला मिळालेलं पहिलं काम ठरणार होतं. व्हरांड्यातले ते फोन त्याचे. आमचा निर्णय कळल्यावर त्याने फोन करणं थांबवलं. दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो तर स्वयंपाकघरात फराळाचा भरलेला डबा होता, दोरीने बांधलेला.

"कुरिअरने पाठवा ना," मी म्हटलं.

"आणि परत आला तर?"

आम्ही दुसऱ्या डब्यातल्या चकल्या खाल्ल्या.

नंतर त्यांना आजाराने गाठलं. डॉक्टरांवरही त्यांचा विश्वास नव्हता, प्रत्येक गोळीचं पत्रक भिंग लावून वाचायच्या. मी सुचवलं की रेबीजवरचं व्याख्यान तुम्हीच द्या, एलएमएसवर कायमचं राहील. हो-नाही करत तयार झाल्या. पण कंपनीने पाठवलेल्या कॅमेरावाल्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "हा माणूस मी बोलायचं थांबल्यावरही चालूच ठेवेल," म्हणे.

मग मी भाच्याला फोन केला. नंबर शोधावा लागला नाही. भुऱ्याच्या पट्ट्यावरच्या बिल्ल्यावर तोच होता. कुत्रा मुळात त्याचा. नोकरीसाठी पुण्याला जाताना मावशीजवळ सोडून गेलेला. मी आजाराचं सांगितलं. तो म्हणाला, "काका, भुऱ्या खरंच पास झाला होता का हो?" मी हो म्हटलं. पलीकडून हसण्यासारखा आवाज आला, पण ते हसू नसावं.

पुढच्या रविवारी तो आपला कॅमेरा घेऊन आला. मी तिथे नव्हतो. त्या दोघांत काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

थंडी सरता सरता मॅडम गेल्या.

व्याख्यान अजून आहे. नव्या सभासदाला सगळ्यात आधी तेच बघावं लागतं, असा ठराव अध्यक्षांनीच मांडला. मॅडम खुर्चीत बसल्यात, खांद्यावर शाल आहे, हातात लांब रबरी हातमोजे. कालवड लाळ गाळत असेल तर आधी काय करायचं नाही, हे त्या सांगतात. आवाज थकलेला आहे, पण शब्द स्पष्ट. मोजे चढवता चढवता त्या मध्येच थांबतात. कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघतात आणि विचारतात, "तू जेवलास का?"

ते भाच्याने कापलं नाही. आम्हीही काढायला सांगितलं नाही. उत्तर ऐकू येत नाही. मॅडम थोडा वेळ त्या बाजूला बघत राहतात, मग दुसरा मोजा कोपरापर्यंत ओढून घेतात.