बाराव्या किलोमीटरवरचा जोड

धुळ्यात डिप्लोमा झाला आणि पहिली नोकरी लागली ती रावेरला, एका ठेकेदाराकडे. रावेरपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावापर्यंत जमिनीखालून फायबरची केबल टाकून झाली होती. काचेच्या केसासारख्या तारेतून उजेड जायचा आणि त्या उजेडावर गावचं इंटरनेट चालणार होतं. एका टोकाला सोडलेल्या उजेडापैकी दुसऱ्या टोकाला किती पोचतो, वाटेत किती गळतो, ते मोजून रिपोर्ट करणं हे माझं काम. आमच्या तुकडीत मी एकटीच मुलगी.

केबल दोन-दोन किलोमीटरच्या तुकड्यांत येते. ते तुकडे जोडायचं काम चाचांकडे होतं. चाचा जळगावच्या मेहरूणचे. रोज सकाळच्या गाडीनं यायचे. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करायचे. लोकांनी मनगटावरची घड्याळं काढून खिशात मोबाइल ठेवले, तसे चाचा या कामात आले. यंत्राच्या छोट्या पडद्यावर दोन तारांची टोकं समोरासमोर आणताना त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नसे. मी शेजारी बसून बघत राहायचे. हात लावायची हिंमत नव्हती.

पहिल्याच दिवशी मी मीटर काढला तेव्हा त्यांनी मला थांबवलं होतं.

"बेटा, मीटर नंतर. आधी कागदावर काढ, किती यायला पाहिजे ते. नाहीतर मीटर जे दाखवेल तेच खरं वाटतं."

कॉलेजात शिकलेलंच होतं, पण चाचांनी ते तोंडी करवून घेतलं. किलोमीटरमागे पाव डेसिबल गळती, म्हणजे आमच्या अठरा किलोमीटरचे साडेचार. वाटेतले आठ जोड आणि दोन टोकांचे दोन, असे दहा. प्रत्येकाला जास्तीत जास्त एक दशांश धरला, तर एक. दोन्हीकडच्या प्लगांचा अर्धा-अर्धा मिळून आणखी एक. एकूण साडेसहा.

मे महिन्यात सगळे जोड पूर्ण झाले आणि आम्ही शेवटचं माप घेतलं. मीटरनं नऊ पूर्णांक दोन दाखवले. पुन्हा घेतलं, तेच. हा फरक लहान नव्हता. तीन डेसिबल गेले की उजेड निम्मा होतो. म्हणजे आमचा जवळजवळ अर्धा उजेड वाटेत कुठंतरी नाहीसा होत होता.

दुसरं एक यंत्र होतं. ते तारेत उजेडाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या किरणांवरून कुठं काय बिघडलंय ते अंतरासकट दाखवतं. त्याच्या आलेखावर बाराव्या किलोमीटरला रेष एकदम खाली पडलेली दिसली. बाराव्या किलोमीटरला चाचांचा सहावा जोड होता.

सुपरवायझर साहेबांनी आलेख पाहिला आणि चाचांसमोरच मला म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये लिहा, जोड खराब. चाचांना आता दिसत नाही. मी उद्यापासून दुसरा माणूस बोलावतो, तो सगळे जोड परत करेल."

मला वाटलं, चाचा काहीतरी बोलतील. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"असेल साहेब," ते म्हणाले. "हात आहे, चुकू शकतो."

साहेब गेले. मी तिथंच मीटर मांडीवर घेऊन बसले. रिपोर्ट लिहायचा होता. तेव्हा सुचलं ते इतकं साधं होतं की आधी का सुचलं नाही याची लाज वाटली. माप दोन लहरींच्या उजेडावर घेता येतं, एक आखूड, एक लांब. साहेबांना लांब लहरीचाच आकडा लागायचा, म्हणून आम्ही तेवढाच घ्यायचो. पण जोड खराब असेल, तर दोन्ही लहरींना सारखाच फटका बसतो. तार कुठं घट्ट वाकली असेल, तर लांब लहरीचा उजेड त्या वळणावर बाहेर निसटतो, आखूड लहरीचा बराचसा तग धरतो.

आखूड लहरीसाठी किलोमीटरमागच्या गळतीचा दर थोडा जास्त असतो. मी वहीत नवा हिशोब केला, आठ पूर्णांक तीन आला. पलीकडच्या टोकाला उजेड सोडणाऱ्या आमच्या माणसाला फोन करून लहर बदलायला सांगितली आणि मीटर बघितला. आठ पूर्णांक एक. हिशोबापेक्षाही कमी गळती.

घरी आम्ही अहिराणी बोलतो. नोकरीत मी ती कधी ओठांवर येऊ द्यायचे नाही. त्या दिवशी आली. "चाचा, तुमना जोड बराबर शे."

त्यांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, दोन्ही हिशोब बोट फिरवत वाचले. मग म्हणाले, "चल, बघून येऊ."

मोटारसायकल मी चालवली. बाराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेलाच केळीची बाग होती. जोडाच्या खड्ड्याजवळची माती ताजी दिसली. बागेतून एक अक्का बाहेर आल्या, डोक्यावर पदर, हातात विळा. आम्ही केबलचं विचारलं तर त्यांनीच जागा दाखवली.

"ठिबकची नई टाकाले चर खोदत व्हतो," त्या म्हणाल्या. "मजुराची कुदय लागली असती तारीले. मीच थांबवलं. म्हनलं, गावाची तार हाय, तुटली तं लोक मले बोलतीन. मंग गोया करून, बांधून, नीट पुरून ठेवली."

जोडापाशी आठ-दहा मीटर केबल जास्तीची ठेवतात, मोठं सैल वेटोळं करून. अक्कांनी ते सोडून त्याची चुंबळीसारखी घट्ट गुंडाळी केली होती. केळीच्या वाळलेल्या सोपटानं चार ठिकाणी बांधली होती, वर सपाट दगड ठेवला होता. एका ठिकाणी केबल जवळजवळ दुमडली होती.

"चुकलं का काई माह्यं?" अक्कांनी विचारलं.

चाचा खड्ड्यात उतरले होते. सोपटाची गाठ सोडवत म्हणाले, "नाही अक्का. तुम्ही वाचवली. फक्त हिला ऐसपैस झोपायची सवय आहे."

आम्ही वेटोळं पुन्हा सैल केलं आणि परत येऊन माप घेतलं. सहा पूर्णांक एक. जोड उघडावासुद्धा लागला नाही. साहेबांनी रिपोर्टवर सही केली. दुसरा माणूस बोलावला नाही.

संध्याकाळी स्टेशनवर गाडीची वाट बघताना चाचा म्हणाले, "एक सांगू? साहेब अगदीच चूक नव्हते. डाव्या डोळ्यानं मला धूसर दिसतं. वर्ष झालं. घरीपण माहीत नाही."

मी विचारलं, मग इतके बारीक जोड होतात कसे? "बोटांना कळतं," ते म्हणाले. "पण बोटांवर किती दिवस?"

दुसऱ्या मार्गाचं काम सुरू झालं, तेव्हा त्यांनी तार कापायचं हत्यार माझ्या हातात दिलं. पहिल्या दिवशी माझ्याकडून अकरा तारा वाया गेल्या. ते एकदाही रागावले नाहीत. तार पुसून द्यायचे, मी पडद्यावर बघायचे, आणि जोड झाला की ते मला आकडा मोठ्यानं वाचायला लावायचे. जोडाच्या खड्ड्यावर उभारलेल्या, उन्हानं तापलेल्या तंबूत, केळीचे ट्रॅक्टर जाताना उडणाऱ्या धुळीत, त्या महिन्याभरात मी हे काम शिकले. आता मी नरडाण्याच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळते. सगळं गणित यंत्रच करतं आणि हिरवा दिवा दाखवतं. माझ्या हाताखालच्या मुली तेवढ्यावर पुढं जातात. त्यांना थांबवावंसं वाटतं, आणि त्या तंबूची इतकी आठवण येते की कधीकधी सांगायचं राहूनच जातं.

त्या वर्षीचा पावसाळा संपल्यावर चाचांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी सुटली त्या दिवशी त्यांचा फोन आला. मेहरूणच्या तलावाच्या काठावरून बोलत होते. पलीकडे म्हशी उभ्या आहेत म्हणाले, सात आहेत, त्यातल्या दोन भुऱ्या, आणि एका भुरीच्या शिंगाला कुणीतरी लाल चिंधी बांधली आहे.