मलम चोळणारी आजी

टीव्हीवर गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात लागते. त्यातली आजी चिमूटभर मलम चोळते आणि नातवाच्या हातातली बॅट हिसकावून धावत सुटते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती, आणि त्याच संध्याकाळी तिने ट्यूब आणायला लावली.

आता तिसरी ट्यूब संपत आली. आई अजून भिंत धरूनच उठते. दमदाटी करून विकणाऱ्याशी भांडता तरी येतं. हे हरामखोर हसवून विकतात.

मी म्हटलं, "आई, फसवतात गं ते."

"फसवतील कशाला? माझंच चोळायला चुकत असेल."

हल्ली जाहिरात लागली की ती हसत नाही. त्या आजीचा हात गुडघ्यावर कसा फिरतो, तेवढं निरखून बघते.