घिस्सा आणि वडिलांची भाकरी

यात्रेच्या मैदानात कुस्ती लागायच्या आधी पैलवानाला आखाड्याभोवती फिरवतात. हलगी वाजत असते आणि माइकवरचा निवेदक त्याचा वस्ताद कोण, तालीम कुठली, हुकमी डाव कोणता, हे सांगत जातो. मी लहानपणापासून हे ऐकत आलेली. वडूजजवळच्या आमच्या गावात मुलींची पहिली कुस्ती माझी लागली तेव्हा, खरं सांगते, जिंकण्याइतकंच मला ते ऐकायचं होतं.

आदल्या दिवशी एक पत्रकार घरी आला. मी सांगलीच्या तालमीतून नुकतीच पोचले होते. त्याने ना वस्ताद विचारला, ना डाव. "ताई, चुलीपुढं बसा. भाकरी थापताना एक फोटो घेऊ, वाचकांना आवडतो," म्हणाला. आता आमच्या घरी भाकऱ्या करतात वडील. लष्करातून निवृत्त होऊन आले ते ही हौस घेऊनच, आणि आईने ती आनंदाने पुरवली. माझी भाकरी परातीतच फाटली. शेवटी वडिलांनी एक झकास थापून दिली आणि मी नुसता वर हात ठेवून हसले.

सकाळी पेपरात मथळा होता: 'भाकरी थापणारे हात आज मैदानात'. वडिलांनी तो पेपर चहाच्या टपरीवर नेऊन सगळ्यांना दाखवला.

दुपारी माझी फेरी सुरू झाली. निवेदकाच्या हातात तोच पेपर. "मंडळी, सुगरण लेक हाय बरं का. कुस्ती खेळती, पण घरकामात कुटं कमी न्हाई. उद्या सासरचं नाव काढणार." लोकांनी टाळ्या दिल्या. माझं डोकंच फिरलं. फेरी सोडून मी सरळ त्याच्या टेबलापाशी गेले.

"आवं मामा, माझा वस्ताद सांगा. डाव सांगा."

माइकवर हात ठेवून तो म्हणाला, "पोरी, लोकास्नी कौतुक वाटतंय. त्यात काय वाईट हाय?"

"मगाशी माज्या आधी फिरवला त्या पैलवानाला भाकरी येती का, इचारलं हुतं का तुमी?"

तो हसला. "जा, कुस्ती कर."

केली. समोरची कोल्हापूरकडची, माझ्याहून थोराड. तिचा पट काढून, म्हणजे पायाला धरून, तिला खाली घेतलं, पाठीवर ताबा बसला आणि निवेदकाचा सूरच बदलला. "ताबा घेतला... सोडू नगं... आता घिस्सा, घिस्सा बघा गड्यांनो!" अख्खा जन्म आखाड्याच्या कडेला गेलेला माणूस, डाव समोर आल्यावर त्याला पेपर कुठला आठवतोय? त्या डावावर ती पालथीची उताणी होऊन चितपट झाली तेव्हा तो खुर्चीवर उभा होता. त्याच क्षणी मी त्याला माफ करून टाकलं. पत्रकाराला अजून केलेलं नाही.

मग माझा हात वर धरून त्याने स्वतः मला फिरवलं. चालता चालता माइक बाजूला करून हळूच विचारलं, "वस्ताद कोण तुजा?" मी सांगितलं. वस्तादांचं नाव, सांगलीची तालीम, हुकमी डाव घिस्सा, सगळं हलगीच्या वरताण ऐकू आलं. ऊर भरून आला; आजही आठवलं की येतो.

कडेला वडील डोळे पुसत उभे होते. जवळ गेले तर म्हणाले, "लय झ्याक सांगितलं त्यानं. फकस्त माज्या भाकरीचं नाव न्हाई घेतलं."